बेनीच्या डब्यातल्या गोळ्या

बेनी, काल आपल्या चर्चच्या मंडळीने तुझी स्मरणसभा घेतली आणि मी एक शब्द बोलले नाही. पाळकसाहेबांनी दोनदा नाव पुकारलं. "बेनीच्या अक्का आता दोन शब्द बोलतील," म्हणाले. मी पदर सावरून उठले, चार पावलं गेले आणि तुझ्या फोटोपाशी पोचून परत फिरले. लोकांना वाटलं, सख्ख्या भावाचं दुःख, बाईला रडू आवरेना. कोणी जागा करून दिली, कोणी पाण्याचा तांब्या आणला. मला रडू आलंच नव्हतं रे. मला जे बोलायचं होतं ते त्या सभेत बोलण्यासारखं नव्हतं.

तुझ्याबद्दल सगळे चांगलंच बोलले. म्हसावदसारख्या गावातून एक कुटुंब सुवार्तेच्या कामासाठी समुद्रापलीकडे गेलं, ही आपल्या एवढ्याशा मंडळीला केवढी मोठी गोष्ट, असं एक जण म्हणाला. हा तोच, जो तू निघालास तेव्हा "दोन महिन्यांत परत येतो बघा" म्हणून हसत होता. नाव घेत नाही, तुला कळलं असेल. मग एकामागून एक सगळे म्हणू लागले, देवाची इच्छा. मी बाकाची कड धरून बसले होते. तुला ताप यावा इथपर्यंत देवाची इच्छा असेल, मी नाही म्हणत नाही. पण त्यानंतरचे चार दिवस माझे आहेत. ते देवावर ढकलायला माझं मन होत नाही.

गोळ्या मी दिल्या होत्या. बिस्किटाच्या त्या जुन्या पत्र्याच्या डब्यात, लाल तिखटाच्या पुडीशेजारी, मीच त्या कोंबल्या होत्या. आणि देताना जे एक वाक्य बोलायचं असतं, ते मी बोलले नाही. परक्या माणसांना जन्मभर बोलत आले ते वाक्य, आणि सख्ख्या भावाला बोलले नाही. हे तुझ्या सरलाला माहीत आहे. गावात अजून कोणाला माहीत नाही. पाळकसाहेब म्हणतात, लिहून काढा, मन हलकं होईल. मन हलकं करायला मी लिहीत नाही. तुझ्याशी भांडण अर्धं राहिलंय आणि कोणाशी बोलू हे कळत नाही, म्हणून लिहितेय.

तुला आठवतं, मी नर्स होऊन पहिल्यांदा धडगावच्या वरच्या अंगाला आरोग्य उपकेंद्रावर रुजू झाले तेव्हा तू नऊ वर्षांचा होतास. आई नव्हती, म्हणून सुट्टीत तुला बरोबर नेलं. तू माझी ओढणी डोक्याला गुंडाळून पायरीवर बसायचास आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातात खडूचे तुकडे ठेवून म्हणायचास, "ताप शे ना? ले, तीन दिन खाय." डोंगरातल्या बाया हसून लोळायच्या. त्यांना आपली अहिराणी धड कळायची नाही आणि तुला त्यांची पावरी यायची नाही, पण नकलेला भाषा कशाला लागते? तेव्हा खरंच तसं होतं. ताप आला की गोळी. तीन दिवस घ्यायची, चौथ्या दिवशी माणूस जंगलात लाकडं आणायला. तुला स्वतःला दर वर्षी हिवताप यायचा. तीन गोधड्यांखाली तुझे दात वाजायचे आणि बरा झालास की पहिल्यांदा गुळाची भाकर मागायचास. ताप म्हणजे पाहुणा होता आपल्या घरात. येणार, जेवणार, जाणार.

मग काळ बदलला. आम्हाला धडगावला बोलावून शिकवलं, की हिवताप दोन तऱ्हेचा. एक कापवतो, दमवतो आणि सोडून देतो. दुसरा डोक्यात चढतो, आणि तो जुन्या गोळ्यांना जुमानत नाही. बोटातून थेंबभर रक्त घेतलं की कळतं, अंगात कोणता आहे. तेव्हापासून मी कोणाच्या हातावर आधी गोळी ठेवली नाही. आधी रक्त, मग गोळी. पाड्यापाड्यावर मी हेच घोकून घेतलं. लोकांना वाचता येत नाही, म्हणून गोळ्यांच्या कागदी पाकिटावर मी खुणा काढायचे. सकाळच्या गोळीला सूर्य, रात्रीच्या गोळीला चंद्र, आणि सगळ्यांच्या आधी लाल पेनाने एक थेंब. थेंब दिसला की बाया बोट पुढे करायच्या. पाकिटावर नाव लिहायचे ते वेगळंच.

हे सगळं बदललं तेव्हा तू मोठा झाला होतास, हातपंप दुरुस्तीच्या कामाला लागला होतास. तुझ्या डोक्यात ते जुनंच राहिलं असणार. ताप शे, गोळी ले, तीन दिन. मला हे ठाऊक असायला हवं होतं. ठाऊक होतं, बेनी. तेच तर म्हणते आहे.

तुझे दाजी गेले, तेव्हा मी उपकेंद्राच्या त्या एका खोलीत एकटी पडले होते. पोरबाळ नाही, बोलायला माणूस नाही. तू दर शनिवारी यायचास. म्हसावदहून शहादा, शहाद्याहून काळीपिवळी जीपच्या मागच्या दांड्याला लटकत घाट चढून. पिशवीत वांगी, पपई, एकदा तर अख्खा केळीचा घड. यायचास ते अक्का जेवते की नाही हे बघायला, आणि आल्यावर कोणाचा ना कोणाचा हातपंप बंद पडलेला असायचाच. तू पाने काढून बसायचास, चार माणसं जमायची, पाणी आलं की तू तुझ्या त्या बेसूर आवाजात गाणं म्हणायचास. कोणी विचारलं तर प्रार्थना करायचास, नाही विचारलं तर चहा पिऊन उठायचास. मी निवृत्त होऊन म्हसावदला येईपर्यंत बारा वर्षं तू असं केलंस. मी त्या खोलीत वेडी झाले नाही ती तुझ्यामुळे, हे तुला कधी सांगितलं नाही. उलट "परत कोबी आणली का, वास मारते" असंच काहीतरी म्हणत आले. आणि तुला दूरच्या माणसांची ओढ लागली ती त्याच वाटेवर. ती वाट तुला मीच दाखवली होती.

म्हणून तू जेव्हा म्हणालास की बायको-पोरीला घेऊन आफ्रिकेत जायचं ठरलंय, मलावी नावाचा देश आहे, तिथल्या गावांत हातपंप दुरुस्त करायचे आणि सुवार्ता सांगायची, तेव्हा मला आधी हसू आलं. मग तू हसत नाहीस हे बघून माझं डोकं फिरलं. इथले डोंगर काय संपले होते?

"आठला डोंगर सरी ग्यात का रे?" मी म्हणाले. "धडगावपल्याड कितला पाडा शेतस, तठे जा ना. समुद्रपार कसाले जास?"

तू शांतपणे म्हणालास, "अक्का, आठे तू शे. तठे कोन शे?"

इथे मी आहे, तिथे कोण आहे, हे काय उत्तर झालं? मी आठ दिवस तुझ्याशी बोलले नाही. मग बोलले ते भांडायलाच. कृपाच्या शाळेचं काय, सरलाच्या पाठदुखीचं काय, तिथे तुला कुत्रं ओळखत नाही. सरला तर बिचारी नवापूरकडची. आपल्या घरातली अहिराणी शिकायला तिला दोन वर्षं लागली होती आणि अजूनही ती आपल्याशी शाळेतल्या पुस्तकासारखं मराठी बोलते. तिला तू तिसऱ्याच देशात नेऊन बसवणार. ती मात्र भांडी आवरता आवरता म्हणाली, "अक्का, मला भीती वाटते. पण ते एकटे गेले तर जास्त वाटेल." तिने असं म्हटल्यावर मला तिचाही राग आला.

तू मला दफनभूमीत घेऊन गेलास तो दिवस आठव. कोपऱ्यात त्या परदेशी मिशनरी बाईचं थडगं आहे, जिच्या काळात आपल्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतला. नाव झिजून गेलंय, नुसता क्रूस उरलाय. लहानपणापासून तो कोपरा तूच झाडायचास, तुला कोणी सांगितलं नव्हतं. तिथे उभा राहून म्हणालास, "ती बाई आठे उनी, तवय तिन्ही बहीणनी बी असंच इचारं व्हई."

मी म्हणाले, "मंग तिनं आयकाले पाहिजे व्हतं. दख, आठे एकली पडेल शे."

तू म्हणालास, एकटी कुठे, मी येतो ना. तुझं म्हणणं मला पटलं नाही. आजही पटलेलं नाही. तू म्हणशील, ती आली नसती तर आपण कुठे असतो? असतो की, बेनी. डोंगरातली माणसं आपापले देव पुजत आहेतच, सुखाने नांदत आहेत, मरत आहेत, आपल्यासारखीच. पण हे बोलले असते तर पाळकसाहेबांनी मला बसवून समजावलं असतं, म्हणून तेव्हा गप्प बसले. मग शेवटचं शस्त्र काढलं. म्हणाले, त्या बाईकडे औषधाची पेटी होती, माहिती होती. तुन्हाजोडे काय शे?

तू हसलास. "मन्हाजोडे तू शे ना."

मे महिन्यात तुम्ही निघालात. आदल्या दिवशी घरभर पिशव्या. विमानात किती वजन चालतं यावर सरला आणि कृपा भांडत होत्या. दादर ज्वारीचं पीठ, उडदाची डाळ, लाल तिखट. तू तो पत्र्याचा डबा घेऊन माझ्यापाशी आलास. औषधाची माझी पेटी तुला माहीत होती.

"अक्का, लिखी दे ना माले. कोनती गोळी कवय लेवानी, समदं लिखी दे."

आणि मी काय म्हणाले? "तुले काय लिखी देवानं? तू हिवतापमाच मोठा व्हयना."

पेटीतल्या पहिल्या, साध्या हिवतापाच्या दोन पट्ट्या उचलल्या आणि डब्यात टाकल्या. पाकीट नाही, खूण नाही, नाव नाही. छत्तीस वर्षांत मी एकाही माणसाच्या हातात अशी उघडी पट्टी ठेवली नव्हती. तू थोडा वेळ उभा राहिलास. मी तुझ्याकडे पाठ करून तिखट पुडीत भरत राहिले. दुसऱ्या दिवशी शहाद्याच्या जीपपाशी सगळी मंडळी जमली, तुमच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना झाली, मीही हात ठेवला, लोक बघत होते म्हणून. जीप सुरू झाल्यावर मी खिडकीशी येऊन म्हणाले की जा, यापुढे तुला एका शब्दाने काही सांगणार नाही. तू म्हणालास, "तू? आणि सांगाव नही?" कृपा खिदळली. जीप गेली.

तुला वाटलं मी थट्टा करतेय. मी बोललेलं खरं करून दाखवलं, बेनी. हट्टीपणात आपण दोघं एकाच आईची लेकरं.

आठ महिने तू आवाजी निरोप पाठवत राहिलास. तिथली माणसं पांढऱ्या मक्याचं घट्ट पीठ शिजवून हाताने खातात. तू म्हणालास, आपली भाकर थापायचंच कोणी विसरलंय. तिथले हातपंप आपल्यासारखेच कुरकुरतात. कृपाला त्यांची भाषा तुझ्या आधी आली आणि बाजारात ती तुझी दुभाषी झाली. पाणी आलं की तिथेही तू गायचास आणि तिथल्या बायाही हसून लोळायच्या. मी प्रत्येक निरोप दोन-तीनदा ऐकायचे. उत्तर पाठवायचे "बरं" किंवा "ठीक". नाताळच्या आधी सगळ्यांनी मिळून दफनभूमी झाडली, तेव्हा तो कोपरा मी मुद्दाम सोडला. मेलेल्या बाईवर राग काढला मी. इतकी माझी मजल गेली होती.

जानेवारीत तो निरोप आला. मी ओट्यावर हरभऱ्याची भाजी निवडत होते. तुझा आवाज जड होता, पण हसत होतास. "अक्का, आपलाच ताप शे. कालपशी थंडी वाजी ऱ्हायनी. तुन्ह्या गोळ्या लिन्ह्यात. परवा उठी बठसू."

माझ्या हातातली जुडी तशीच राहिली. वाक्य जिभेवर आलं होतं. आलं होतं हे मी शपथेवर सांगते. आधी रक्त तपासून घे, म्हणायचं होतं. त्या भागात दुसराच हिवताप जास्त असतो, हे मला शिकवलेलं होतं. मग मनात आलं की आता बोलले तर तू हसशील, म्हणशील, सांगणार नव्हतीस ना? आणि मनात हेही आलं, तुला माझी गरज पडली आहे तर सरळ विचार की. मागून घे. मी लिहिलं, "आराम कर." फोन खाली ठेवला आणि भाजी निवडली. त्या दिवशीची भाजी छान झाली होती. हे मला का आठवतं, कळत नाही.

तिसऱ्या दिवशी तुला बरं वाटलं म्हणे. चौथ्या दिवशी तू सरलाला ओळखलं नाहीस आणि माझ्या नावाने हाका मारायला लागलास. दवाखाना दोन तासांवर. गाडी मिळाली, डॉक्टरांनी सगळं केलं, पण ताप डोक्यात चढला होता. पाचव्या दिवशी सकाळी सरलाचा फोन आला. ती रडत नव्हती. म्हणाली, "अक्का, ते गेले." आणि मग ती म्हणाली, "त्यांनी खूप धीर धरला. म्हणायचे, अक्काच्या गोळ्या आहेत, उगाच दवाखान्याची धावपळ कशाला."

त्यानंतर ती काय बोलली ते मला आठवत नाही.

तुला इथे आणणं शक्य नव्हतं. तिथेच पुरायचं ठरलं. पाळकसाहेबांनी फोनवर दाखवायची सोय केली. मी फोन माठाला टेकवून ठेवला आणि अंगणातली मूठभर माती घेऊन उभी राहिले. आपल्यात शेवटी सगळे मूठमाती देतात, मग बहिणीने नको का द्यायला? तिथली माणसं गात होती. चाल ओळखीची होती, शब्द नव्हते. लाकडी पेटी खड्ड्याच्या काठाशी आली आणि चित्र अडकलं. काठावरच अडकलं. मी हात पुढे करून उभीच. पेटी खाली गेली का, आता टाकू का, कोणाला विचारणार? हाताला घाम आला, मातीचा चिखल झाला. शेवटी मी ती अंगणात टाकली. वेळेवर पडली की आधीच पडली, मला माहीत नाही.

मी सरलाला म्हणाले, ये परत, पोरीला घेऊन लगेच ये, माझी खोली आहे, पेन्शन आहे. रोज म्हणत होते. ती म्हणायची, बघू अक्का. आणि मी रोज ठरवायचे, आज तिला सांगेन गोळ्यांचं. रोज फोन ठेवल्यावर वाटायचं, बरं झालं नाही सांगितलं. ती परत आल्यावर सांगू. समोर बसवून सांगू. कदाचित सांगायची गरजच पडणार नाही. तुझी बहीण असा विचार करत होती, तू मातीत जाऊन आठ दिवस झाले नव्हते तेव्हा.

नवव्या दिवशी दुपारी सरलाचा फोन आला. मी जेवायला बसले होते.

"अक्का, कृपाला कालपासून ताप आहे. डब्यात तुमच्या गोळ्या उरल्यात. तिला अर्धी देऊ की पूर्ण?"

बेनी, मी खरं सांगते, त्या क्षणीही मी आधी खोटं शोधलं. म्हणावं, त्या जुन्या झाल्या असतील, फेकून दे. एवढं पुरलं असतं, आणि माझं नाव कुठे आलं नसतं. म्हणालेही. "जुन्या व्हई गयात त्या, देऊ नको."

सरला म्हणाली, "तारीख बघितली मी. अजून वर्षभर चालतील. दवाखान्यात न्यायला गाडी उद्या मिळेल, तोवर एक देते."

तीच सरला, तोच डबा. तुझ्या वेळी जे झालं ते तसंच्या तसं पुन्हा माझ्या कानाशी होत होतं. मी ताटावरून उठले. हात खरकटा होता, तसाच फोन धरला.

मी म्हणाले, "सरला, ऐक. देऊ नको. त्या गोळ्या तिकडच्या तापाला चालत नाहीत. बेनीलाही चालल्या नाहीत. त्याला वाटलं औषध चालू आहे, म्हणून तो घरी राहिला आणि ताप वाढला. मला हे माहीत होतं. डब्यात टाकताना माहीत होतं, त्याचा निरोप आला तेव्हाही माहीत होतं. मी रागात होते, बोलले नाही. तू आत्ता पोरीला उचल, पायी ने, सायकलवर ने, कशीही ने, पण तिचं रक्त तपास. आधी रक्त, मग गोळी. मी पाया पडते तुझ्या."

पलीकडे एक कोंबडी ओरडत होती तेवढी ऐकू आली. मग फोन बंद झाला.

त्यानंतर तीन दिवस तिचा फोन नाही. मी केला तर उचलत नव्हती. निरोप पाठवले तर वाचलेले दिसायचे नाहीत. त्या तीन दिवसांत मी काय केलं ते तुला सांगते, कारण दुसऱ्या कोणाला सांगता येणार नाही. मी देवाशी बोलले नाही. मी त्या दफनभूमीत गेले आणि त्या परदेशी बाईचा कोपरा झाडला. आठ महिन्यांचा पाचोळा होता, काटे होते. झाडता झाडता तिला म्हणाले, बाई, तुझ्या बहिणीने तुला काय सांगितलं नव्हतं? कोणतं वाक्य तिने गिळलं होतं? मग तिथेच बसले आणि कृपासाठी मागत राहिले. तिच्याजवळ मागितलं की देवाजवळ, ते मला सांगता येणार नाही. पोरीला मात्र नेऊ नकोस, मला ने, असं म्हणाले. अशी बोलणी माणसं करतात तेव्हा मी त्यांना उपकेंद्रावर रागवायचे, आधी रक्त द्या म्हणायचे.

चौथ्या दिवशी या आत्याला निरोप आला, कृपाचाच. आवाज बारीक झाला होता. "फुई, मी बरी शे आते. माले दवाखानामा ठेयेल व्हतं. काल खिचडी खादी." मागे बादलीचा आवाज होता.

रक्तात तोच निघाला होता, दुसरा हिवताप, हेही कृपानेच सांगितलं. वेळेत नेलं म्हणून वाचली.

सरला थेट काल बोलली. सभा सुरू व्हायला अर्धा तास होता, मी चपला घालत होते. तिचा फोन आला. तिने कशी आहात विचारलं नाही. एकेक शब्द मोजून, शाळेतल्या मराठीत बोलली.

"अक्का, मला तुमचा फार राग आहे. माफ केलं, असं मी आज म्हणणार नाही. म्हणाले तर खोटं होईल, आणि ते खोटं मला प्रार्थनेत घेऊन बसता येणार नाही. पण तुम्ही त्या दिवशी बोललात. बोलला नसतात तर मी पोरीला गोळी दिली असती."

मी म्हणाले, "तू परत ये, बाळ."

"नाही. आम्ही इथे राहतोय. त्यांची कबर इथल्या बायका रोज झाडतात. मी सांगितलं नाही, त्या आपणहून येतात. त्यांच्या पोरांनाही ताप येतो, अक्का, आणि त्याही घरात पडलेल्या जुन्या गोळ्या देतात. त्यांना वाचता येत नाही. तुम्ही पाकिटावर खुणा करायच्या, तो थेंब, सूर्य, चंद्र, तसं एक काढून फोटो पाठवा. मी इथल्या भिंतीवर मोठं काढणार आहे." मग म्हणाली, "त्यांनी मागितलं होतं तुमच्याकडे. लिहून द्या म्हणाले होते. मी शेजारच्या खोलीत होते, ऐकलं होतं मी."

तिने ऐकलं होतं, बेनी. एवढे दिवस तिला ते माहीत होतं.

म्हणून काल मी सभेत तुझ्या फोटोपर्यंत जाऊन परत फिरले. तुझ्या फोटोला हार होता, तू तुझं ते दात दाखवणारं हसू हसत होतास, जणू म्हणत होतास, सांग आता, सांगाव नही म्हणालीस ना? मी काय बोलणार होते? माझा भाऊ मोठा विश्वासू होता, असं? होताच. देवावर होता, आणि माझ्यावरही होता, तीच तर अडचण झाली.

तू चुकलास, हे मी अजूनही म्हणते. तू इथेच राहायला हवं होतंस. आणि तुझी बायको तुझ्याहून हट्टी निघाली, तिच्यापुढे माझं काही चालत नाही. हे भांडण मी सोडलेलं नाही, फक्त आता पलीकडून उत्तर येत नाही आणि मला एकटीलाच दोन्ही बाजूंनी बोलावं लागतं. तुझ्या बाजूने मी बरंच चांगलं बोलते हल्ली.

आज सकाळी जुनी पेटी काढली. त्यात अजून दहा-बारा कोरी कागदी पाकिटं होती, लाल पेन होतं, ते आधी चालेना, चुलीच्या उबेवर धरलं तेव्हा चाललं. ओट्यावर बसून एक पाकीट समोर घेतलं. पहिल्यांदा थेंब काढला, मग सूर्य, मग चंद्र. चंद्र जरा वाकडा आला. सरलाला फोटो पाठवायचा होता, पण पाकिटावर नाव लिहायची माझी सवय. कोणाचं लिहायचं हा विचारही केला नाही. लिहून झाल्यावर बघितलं तर तुझं नाव होतं.

ते पाकीट मी पाठवलं नाही. दुसरं काढून पाठवलं. हे तुझं माझ्यापाशी आहे. मे महिन्यात तू पत्र्याचा डबा घेऊन माझ्या पाठीमागे उभा होतास, आणि मी वळले नव्हते. आत्ता वळलेय. उशीर झाला हे मला कळतं, पण ऐक. आधी रक्त, मग गोळी, बेनी.